बोगद्यातल्या सोळा चौकटी

पहिली वीट काचेवर आदळली तेव्हा मी पडद्यावरच्या आलेखात पिंपळवेसचा पिवळा रंग जरा गडद करत होते. खोटं कशाला सांगू, त्या क्षणी मला रंगाचंच पडलं होतं. काचेला तडा गेला आणि केतकीताई ओरडली, "यशोदा, खाली!" मी टेबलाखाली घुसले. ती नाही घुसली, कारण तिला आधी कीबोर्ड बाजूला घ्यायचा होता. दुसरी वीट काच फोडून आत आली ती थेट तिच्या उजव्या हातावर. हाड मोडल्याचा आवाज मी तोवर फक्त मटणाच्या दुकानात ऐकला होता.

"हात गेला," ताई म्हणाली. आवाज एकदम सरळ, चेहरा पांढराफटक. "आता टाइप तू करायचंस."

"मी?"

"मग काय मी नाकानं करू?"

मी काचा झटकून खुर्चीत बसले. खाली स्टेडियम पेटलं होतं. पेटलं म्हणजे खरोखरच, उत्तर गॅलरीच्या कोपऱ्यात खुर्च्यांचा ढीग जळत होता आणि प्लास्टिकचा काळा धूर मैदानावर उतरत होता.

जरा मागे जाते, नाहीतर काहीच कळायचं नाही.

कोल्हापुरात माणूस भेटला की आधी पेठ विचारतात, नाव नंतर. पेठेची तालीम असते आणि तालमीची फुटबॉल टीम. आमची पिंपळवेस तालीम, पिवळे. समोरची हौदकट्टा तालीम, निळे. आई हौदकट्ट्याची, बाबा पिंपळवेसचे. अशी लग्नं आमच्याकडं ढिगानं होतात आणि फायनलच्या दिवशी त्या घरांत कुणी कुणाशी बोलत नाही. माझा दादा इंद्रजित आमचा गोलकीपर. मामाचा मुलगा रणधीर त्यांचा स्ट्रायकर. आई त्या दिवशी सरळ टीव्ही बंद करून झोपते. बाबा, म्हणजे सर्जेराव चौगले, आमच्या तालमीचे अध्यक्ष आणि एके काळचे गोलकीपर. घरात जेवताना सुद्धा पाण्याचा तांब्या "सेव्ह" करतात असला माणूस.

मागच्या एका फायनलला तीन माणसं मेली होती. त्यानंतर टिकली आली. तिकिटाबरोबर मिळते आणि कानामागे चिकटवायची असते. ती घाम चाखते. राग आला, भीती वाटली, अगदी आनंद झाला तरी शरीर रक्तात जे सोडतं ते थोडं घामात उतरतं. टिकली ते मोजते आणि तुम्ही स्टेडियमात कुठं आहात ते पण सांगते. एकट्या माणसाच्या आकड्यावरून काहीच कळत नाही. गोल झाला म्हणून नाचणारा आणि गोल खाल्ला म्हणून खुर्ची उचलणारा, दोघांचा आकडा सारखाच चढतो. खरा शोध पुढचा आहे. आनंदाच्या रेषा एकमेकींशी जुळत नाहीत. शाळा सुटल्यावर पोरं बाहेर पडतात तशा त्या असतात, ज्याचा त्याचा गोंगाट. पण जमाव कुणाला मारायला निघाला की मारायच्या आधीच सगळ्यांच्या रेषा एकत्र चढायला आणि एकत्र उतरायला लागतात. लेझीमच्या पथकासारख्या. शास्त्रज्ञांनी त्याला लांबलचक नाव दिलंय. आम्ही एकठेका म्हणतो.

एकठेका दिसला की गारवा सोडायचा. गारवा म्हणजे छतातल्या नळ्यांतून येणारा फवारा. तो हुंगला की थोडा वेळ हातपाय कापसाचे होतात. माणूस जागा असतो, फक्त मूठ वळत नाही. आमच्या स्टेडियमात गारव्याचं सिलिंडर एकच होतं, त्यामुळं एका वेळी एकाच जागी सोडता यायचा. कुठं सोडायचा हे ठरवायचं काम त्या काचेच्या खोलीतल्या माणसाचं. तो माणूस म्हणजे केतकी आडमुठे. ती मूळची सांगलीची, म्हणून मैदान समितीनं तिला निवडलेलं. तिला पेठ नाही.

मी तिथं कशी? शाळेत आम्हाला आर शिकवतात. आकडे ओतायचे आणि आलेख काढायचे अशी ती भाषा. मला ती येते. चांगलीच येते, लाजायचं कशाला! प्रकल्पासाठी मी ताईच्या खोलीत गेले आणि पहिल्याच दिवशी तिच्या पडद्यावर बोट ठेवलं. एका पानावर आठ चौकटी होत्या आणि प्रत्येक चौकटीची फूटपट्टी वेगळी. त्यामुळं शेंगा खात बसलेल्या आज्यांची बारीकशी धडधड पन्हाळ्याएवढी दिसायची आणि पोरांचा खराखुरा भडका पण तेवढाच.

"ताई, सगळ्या चौकटींना एकच उभा अक्ष द्या. नाहीतर उंदीर आणि हत्ती एकाच मापाचे दिसतात."

"किती वर्षांची ग तू?" तिनं विचारलं.

"पंधरा."

"डोक्यानं?"

"पंधराच. पण हुशार पंधरा."

ती हसली आणि तिनं मला पान मांडायला दिलं. वरच्या ओळीत पिंपळवेस, खालच्या ओळीत हौदकट्टा. प्रत्येक ओळीत पोरं, मोठी माणसं, बायका, खेळाडू. वर पिवळा, खाली निळा. अक्ष एकच. इतकं देखणं पान झालं की समितीच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. पेठेप्रमाणे गट पाडायचे यात कुणालाच काही वावगं वाटलं नाही. दुसरे गट असतात तरी कुठले?

आता फायनल. सामना संपत आलेला. शून्य-शून्य. रणधीरनं लांबून चेंडू मारला. जोर नव्हता त्यात. दादा खाली बसला आणि चेंडू त्याच्या दोन पायांमधून गोलात गेला.

आमच्याच गॅलरीतून कुणीतरी ओरडलं, "वाढ, वाढ! मामाच्या पोराला पोटभर वाढ!"

"पावणा हाय त्यो! पावण्याला उपाशी धाडतोय व्हय!"

लोक हसले. पण हसण्यानंतर जो आवाज आला तो मला आवडला नाही. शिट्टी झाली. निळे कुंपण ओलांडून मैदानात उतरले, नाचत. पिवळे कुंपण मोडून उतरले, खुर्च्यांचे लोखंडी पाय घेऊन. मध्ये पोलिसांची एक रांग होती ती पहिल्या लोंढ्यातच दिसेनाशी झाली. एका निळ्या टीशर्टातल्या माणसाच्या तोंडावर लोखंड बसलं आणि तो दात थुंकत गुडघ्यांवर आला. त्याच्यावरून चौघं पळत गेले. एक पिवळा पोरगा झेंड्याच्या काठीनं कुणाला तरी मारत होता. काठी मोडली तरी तो उरलेल्या तुकड्यानं मारतच राहिला. मग काचेच्या खोलीकडं विटा आल्या. टिकल्यांवर राग, दुसरं काय.

तर मी खुर्चीत बसले.

यंत्राचा सल्ला पानाच्या डोक्यावर लाल अक्षरात आला होता. हौदकट्टा, पोरं. गारवा दक्षिण गॅलरीत सोडा.

"त्यांची रेषा सगळ्यात वर आहे," ताई दात आवळून म्हणाली. "कर."

मी बटणाकडं हात नेला. आमच्या शत्रूंवर गारवा! पेठेतल्या पोरीला अजून काय पाहिजे? पण मी थांबले, कारण निळी रेषा नुसती वर होती, ठेक्यात नव्हती. आणि आपली मांडलेली गोष्ट मी दोनदा बघते, ही माझी सवय आहे.

"ताई, हे नाचतायत. जिंकलेत ना."

"मग मारतंय कोण?"

पिवळ्या चौकटीत पण ठेका नव्हता. पिवळ्या पोरांची सरासरी मधल्या मधे लोळत होती. कारण अर्धी पोरं मारत होती, अर्धी घाबरून पळत होती, आणि मी त्या सगळ्यांना एका चौकटीत कोंबून एकच रेषा काढली होती. खाली माणसं एकमेकांना फोडतायत आणि आमचं सुंदर पान म्हणतंय की सगळं जरा जरा आहे.

"दादाची रेषा कुठंय?" मी एकदम म्हणाले.

आमच्या घरच्या टिकल्या एकाच पाकिटात आल्या होत्या. दादाचा नंबर एक्केचाळीसवर संपतो, बाबांचा बेचाळीसवर. मी एक्केचाळीस शोधला. रेषा पार वर जाऊन भिडली होती. आणि जागा? जागा त्या पानावर नव्हतीच, कारण आम्ही ती कधी मांडलीच नव्हती.

मी आलेखाच्या आज्ञेतला "पेठ" हा शब्द खोडला आणि तिथं "जागा" लिहिलं. रंगात पेठ ठेवली. सरासरी काढून टाकली आणि प्रत्येक माणसाची वेगळी रेषा मागितली. पान क्षणभर पांढरं झालं, मग भरलं. उत्तर गॅलरी. दक्षिण गॅलरी. मैदान. फाटकं. आणि शेवटच्या चौकटीत बोगदा.

बोगदा म्हणजे मैदानातून ड्रेसिंग रूमकडं जाणारी अरुंद वाट, आमच्या गॅलरीच्या बरोबर खाली. बाकीच्या चौकटींत रेषांचं जंजाळ होतं. बोगद्यात मोजक्याच रेषा होत्या, आणि त्या एकत्र चढत होत्या, एकत्र उतरत होत्या. इतक्या सुरेख जुळलेल्या रेषा मी पाठ्यपुस्तकात पण बघितल्या नव्हत्या. एक सोडून बाकी सगळ्या पिवळ्या. एकच निळी.

आणि एक पिवळी खाली घसरत चालली होती. एक्केचाळीस.

"आपलीच माणसं," मी म्हणाले. "ताई, आपलीच माणसं दादाला मारतायत!"

कॅमेरा बघितला तर त्यावर कुणीतरी झेंडा टाकला होता. नुसतं पिवळं. आवाज मात्र येत होता. ओल्या कपड्यावर धोपटणं घातल्यासारखा. आणि मधेच, "इकलास! पेठ इकलास!"

तेवढ्यात अजून एक पिवळी रेषा बोगद्याच्या चौकटीत शिरली. बेचाळीस. मी खुर्चीतून उडालेच. "बाबा पोचले! बाबा आत गेले!" बाबांचा शब्द पेठेत कुणी खाली पडू देत नाही. आता थांबतील. आता नक्की थांबतील.

रेषा थांबल्या नाहीत. एकत्र वर, एकत्र खाली. दादाची अजून खाली.

"गारवा सोड बोगद्यात!" मी ओरडले, मग मलाच आठवलं की सोडायचा मलाच आहे.

ताईनं डाव्या हातानं माझं मनगट धरलं. "आधी ऐक. डोक्याला मार बसलेल्या माणसानं गारवा हुंगला तर त्याचा श्वास थांबू शकतो. बाकीच्यांचे हातपाय ढिले पडतील. त्याची छाती ढिली पडेल."

"आणि नाही सोडला तर?"

आवाज येतच होता.

"तू सांग," ती म्हणाली. "मी त्याची कुणी नाही."

मी बटण दाबलं. विचार करून दाबलं असं लिहायला छान वाटेल, पण तसं नव्हतं. मला तो आवाज बंद करायचा होता.

आवाज बंद झाला. मी भिंतीवरचा मास्क ओढला आणि पळाले.

जिना, मग मैदानाची कड. कुणीतरी माझी वेणी धरली. मी मागं न बघता कोपर मारलं, ते कुणाच्या तरी नाकात बसलं आणि वेणी सुटली. आयुष्यात पहिल्यांदा मी कुणाचं नाक फोडलं. बोगद्याच्या तोंडाशी पांढरं धुकं लोंबत होतं आणि त्यात माणसं पसरली होती. भिंतीला टेकलेली, एकमेकांच्या मांडीवर पडलेली, डोळे उघडे. दूधवाले बंडूकाका. आमच्या गल्लीतला गणपतीत नारदाचं काम करणारा सुकुमार, त्याच्या बोटांतून लोखंडी पट्टी निसटत होती. मी त्यांच्यावरून उड्या मारत गेले. त्यांचे डोळे माझ्याबरोबर फिरत होते. हलत कुणीच नव्हतं.

निळी रेषा रणधीरची होती. तो दादावर पालथा पडला होता, दोन्ही कोपरं दादाच्या डोक्याच्या दोन बाजूंना टेकवून. त्याची पाठ फाटली होती, म्हणजे कातडी, टीशर्ट कधीच गेला होता. जबडा एका बाजूला सरकला होता. त्याला ओढून बाजूला केलं तेव्हा तो "न्हाई, न्हाई" असं काहीतरी म्हणत होता. त्याला वाटलं, मी पण मारायला आलेय.

दादा श्वास घेत नव्हता.

शाळेत बाहुलीवर शिकवलं होतं. बाहुलीच्या तोंडात दात मोडलेले नसतात. मी मास्क वर केला, श्वास फुंकला, मास्क खाली, तीन खोल श्वास, पुन्हा मास्क वर. तोंडात त्याचं रक्त येत होतं. माझी बोटं कापसाची व्हायला लागली. गुडघे गेले. मी त्याच्या छातीवर आडवी पडून फुंकत राहिले आणि शिव्या देत राहिले, ज्या घरात फक्त बाबांना माफ आहेत. मग त्याच्या घशात काहीतरी खरवडलं. तो खोकला, माझ्या तोंडावरच.

मान वळवली तर समोर भिंतीला टेकून बाबा बसलेले. हलता येत नव्हतं त्यांना. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मला वाटलं, बिचारे बाबा. इतक्या जवळ पोचले आणि गारवा आला.

दवाखान्यात दादा बरेच दिवस धड बोलला नाही. कवटीला तडा, चार बरगड्या, एक हात प्लास्टरमध्ये, डाव्या डोळ्याचं अजून नक्की नाही. रणधीर खालच्या मजल्यावर. त्याचा जबडा तारांनी बांधलेला, त्यामुळं त्याचं बोलणं बंद. पेठेतली माणसं येत होती, हळू आवाजात बोलत होती. "सर्जेराव एकटा आत घुसला बघा, बाप असावा तर असा." बाबा मान खाली घालून बसायचे. मला अभिमान वाटायचा. वर्गात मी हे सांगितलं पण.

मग समितीनं चौकशीसाठी बोगद्याचं पान मागितलं. प्रत्येक टिकलीची वेगळी चौकट, सगळ्या एका पानावर, अक्ष एकच, वर नाव. ताईचा हात प्लास्टरमध्ये, म्हणून तिनं आकडे माझ्याकडं पाठवले. "तुला जमणार नसेल तर नको करू, मी डाव्या हातानं करते," ती फोनवर म्हणाली. मला वाटलं, दादाचं बघून रडेन म्हणून ती म्हणतेय. मला जमणार नाही? मला!

बोगद्यात सोळा टिकल्या होत्या. चार ओळी, ओळीत चार. मी दादाच्या खोलीतच, खिडकीच्या कट्ट्यावर बसून मांडलं. मागे फिकट करड्या रंगात सगळ्यांचा मिळून ठेका ठेवला, म्हणजे कोण ठेक्यात होतं आणि कोण नव्हतं ते लगेच दिसावं. दादाची रेषा ठेक्यात नव्हती. रणधीरची तर वेड्यासारखी उड्या मारत होती, भीतीची रेषा तशीच असते. बंडूकाका ठेक्यात. सुकुमार ठेक्यात.

बेचाळीस.

सुरुवातीला बाबांची रेषा रणधीरसारखीच होती. उड्या मारणारी, ज्याची त्याची. पोराचा जीव चाललाय म्हणून धावणाऱ्या बापाची. चौकटीच्या जवळजवळ अर्ध्यापर्यंत तशीच. मग ती एकदा करड्या रेषेला शिवली. सुटली. पुन्हा शिवली. आणि मग बसली तिच्यावर, अशी बसली की खालचा करडा दिसेना, थेट गारवा येईपर्यंत.

मी पान पुसलं. पुन्हा काढलं. अक्ष तपासला, वेळ तपासली, नंबर तपासला. मी बरोबर होते. आयुष्यात पहिल्यांदा मला बरोबर असण्याचा राग आला.

बाबा पलंगाशी बसून दादाला चमच्यानं पेज भरवत होते. मी टॅब घेऊन गेले आणि त्यांच्या मांडीवर ठेवला.

"काय आहे?" त्यांनी विचारलं.

"बोगदा. हे तुम्ही."

बाबांना आलेख कळत नाहीत असं ते नेहमी म्हणतात. त्या दिवशी त्यांनी एका नजरेत वाचला.

"मी वाचवायला गेलतो, यशे."

"हो." मी चौकटीच्या मध्यावर बोट ठेवलं. "इथपर्यंत."

ते हळू म्हणाले, "सगळे ओरडत होते ग. मी पण थांबा, थांबा म्हणत होतो. मग मला त्यो गोल दिसला. दोन पायांतनं. आणि मग..."

"काय कुजबुजताय?" दादाचा आवाज खरखरीत होता. उघड्या डोळ्यानं तो आमच्याकडं बघत होता.

टॅब ओढून घ्यावा, काहीतरी थाप मारावी असं वाटलं. थापा मला येतात. पण बाबाच वळले.

"इंदा, मी पण मारलं तुला."

दादानं त्यांच्याकडं बघितलं.

"कशानं?"

"पायानं."

"कुठं?"

"बरगडीत." बाबांचा आवाज फुटला. "दोनदा. तीनदा असंल."

"म्हणजे डोकं तुमचं न्हवं," दादा म्हणाला. आणि हसला. ते हसणं इतकं वाईट होतं की मी कान झाकले. हसताना त्याच्या बरगड्या दुखल्या, तो कळवळला, आणि बाबांचा हात आपोआप त्याला धरायला पुढे गेला. दादानं तो झटकला. प्लास्टरच्या हातानं, अख्ख्या ताकदीनं. प्लास्टर बाबांच्या तोंडावर बसलं आणि ओठ फाटला. बाबा जागचे हलले नाहीत. रक्त पुसलं पण नाही.

"यशे," दादा धापा टाकत म्हणाला, "ते पान कुठं जाणार हाय?"

"समितीकडं. चौकशीला."

"बाकीच्यांची नावं घातलीस?"

"घातली."

त्यानं बाबांच्या मांडीवरच्या टॅबकडं बघितलं. "मग ह्या चौकटीवर का न्हाई?"

मी बाबांकडं बघितलं. मला वाटलं, ते म्हणतील, घाल पोरी. किंवा म्हणतील, नको घालू, तुझ्या पाया पडतो. पण त्यांनी खाली ठेवलेली वाटी उचलली, पेज ढवळली, चमचा भरला आणि दादाच्या तोंडाजवळ नेला.

मी चौकटीवर "बाबा" असं लिहिलं. मग ते खोडलं, पूर्ण नाव लिहिलं आणि पान पाठवून दिलं.

चमचा तसाच हवेत होता. दादानं तोंड उघडलं नव्हतं.